फॉसिल खणायची सुट्टी : डेन्व्हर ते केमरर, आजी-आजोबांसकट

गेल्या जुलैत आम्ही सहा जण, म्हणजे मी, नवरा, दहा वर्षांची लेक, सहा वर्षांचा धाकटा आणि नागपूरहून आलेले माझे आई-बाबा, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जाऊन फॉसिल्स, म्हणजे फार पूर्वी दगड झालेले प्राणी नि झाडंपानं, शोधायला दगड फोडून आलो. चक्क पैसे भरून. बाबांची सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून गेली, त्यामुळे त्यांचं म्हणणं, "जिंदगीभर दगडापाशी जायचे पैसे मिळाले, आता म्हातारपणी तू उलटे भरायला लावून राहिली." तरी सगळ्यात जास्त मजा त्यांनीच केली. परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की कुठे, कसं, किती खर्च, परवानगी लागते का, की म्हटलं यंदाची बुकिंग सुरू व्हायच्या आत एकदाचं सगळं लिहून टाकू.

सुरुवात झाली २०२५च्या जानेवारीत. आम्ही कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ राहतो, इथे डायनासोरांची काही कमी नाही, मॉरिसनला डायनासोर रिजवर तर रस्त्याच्या कडेलाच पावलांचे ठसे आहेत, पण तिथे सगळं लांबून बघायचं आणि लेकीचं एकच टुमणं, "मला बघायचं नाही, मला स्वतःला शोधायचंय आणि घरी आणायचंय." आई-बाबा मेमध्ये येणारच होते, तिकिटं काढलेली होती. मग ठरलं की यलोस्टोन वगैरे बाजूला ठेवू आणि सुट्टी या एका गोष्टीभोवतीच आखू.

पहिले काही आठवडे नुसता गोंधळ. फॉसिल डिग म्हणून शोधलं की शंभर गोष्टी येतात, कुठे म्युझियमच्या मागे वाळूत पुरलेली प्लॅस्टिकची हाडं, कुठे हजारो डॉलरची मोहीम, कुठे कुणीतरी टाकलेलं की अमुक हायवेच्या बाजूला थांबा आणि उचला. हे शेवटचं वाचून तर बिलकुल जाऊ नका. या सगळ्या प्लॅनिंगमध्ये मला एकच प्रश्न कामाचा वाटला, तो म्हणजे आपण ज्या दगडावर हातोडी मारणार तो कुणाच्या जमिनीवर आहे. हॉटेल, गाडी, दिवस, सगळं त्याच्यानंतर.

साधारण असं आहे बघा. नॅशनल पार्क किंवा नॅशनल मॉन्युमेंट (तीही सरकारने राखलेली जागाच) असेल तर काहीही उचलायचं नाही, खडासुद्धा नाही. बीएलएमची जमीन असेल, म्हणजे केंद्र सरकारची ती मैलोनमैल मोकळी जमीन, तर तिथे नेहमी सापडणारी बिनकण्याच्या प्राण्यांची आणि झाडापानांची फॉसिल्स स्वतःपुरती उचलता येतात, माणशी दिवसाला २५ पौंडांपर्यंत, विकायची मात्र नाहीत. पण कणा असलेलं काहीही, मासा म्हणा, कासव म्हणा, डायनासोरच्या हाडाचा एवढासा तुकडा म्हणा, त्याला परमिटशिवाय हात लावायचा नाही आणि ते परमिट संशोधन करणाऱ्यांना मिळतं, तुम्हाआम्हाला नाही. २००९ साली त्यासाठी वेगळा कायदाच झालाय. राज्याची जमीन असेल तर ज्या त्या राज्याचे नियम, आणि खाजगी असेल तर मालक म्हणेल तसं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी यादी आपोआप गळते.

आमच्या यादीत शेवटी तीन जागा उरल्या. एक युटामध्ये डेल्टाच्या पश्चिमेला, तिथे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे ट्रायलोबाइट (आता नामशेष झालेले कवचाचे छोटे समुद्री प्राणी) ढिगाने मिळतात आणि क्वारीत, म्हणजे दगडाच्या उघड्या खाणीत, पैसे भरून शोधता येतात, लहान मुलांसाठी उत्तम म्हणतात, पण आमच्यासाठी फार लांब आणि शेवटचा रस्ता कच्चा. दुसरी वायोमिंगमधलं थर्मोपोलिस, तिथलं डायनासोर सेंटर लोकांना खऱ्या डायनासोरच्या खोदकामावर घेऊन जातं. हे लेकीला प्रचंड आवडलं असतं, पण सापडेल ते म्युझियमचं, घरी काही येणार नाही, आणि धाकट्याला दिवसभर ब्रश घेऊन बसवणं म्हणजे कठीणच. तिसरी केमरर. नैऋत्य वायोमिंगमधलं छोटंसं खाणगाव, आणि त्याच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये माशांची फॉसिल्स इतकी की तिथे बऱ्याच क्वाऱ्या आहेत आणि त्यातल्या काही पब्लिकला तासावर किंवा अर्ध्या दिवसावर खणू देतात. मासे हे कण्याचे प्राणी, पण जमीन खाजगी किंवा राज्याकडून लीजवर घेतलेली, म्हणून ते कायदेशीर. ठरलं.

फेब्रुवारीत तीन क्वाऱ्यांना ईमेल टाकले. एकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी, एकाचं तीन आठवड्यांनी, एकाचं आजतागायत नाही. हिवाळ्यात तिथे सगळं बर्फाखाली असतं, सीझन साधारण मेअखेर ते सप्टेंबर, त्यामुळे फेब्रुवारीत कुणी फोन उचलत नाही म्हणून घाबरू नका. विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवा. मी हे विचारलं : सापडलेलं सगळं आमचं का? किती वयाच्या मुलांना चालतं? हातोडी-छिन्नी तुमची का आमची? सावली आहे का? टॉयलेट आहे का? पाऊस आला तर पैसे परत का दुसरा दिवस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. आम्ही जी क्वारी घेतली ती राज्याच्या लीजची होती, म्हणजे नेहमी सापडणारे मासे कितीही घ्या पण दुर्मिळ काही निघालं, पक्षी, वटवाघूळ, मगर, कासव, स्टिंगरे, तर ते वायोमिंग राज्याचं. खाजगी जमिनीवरच्या क्वारीत वेगळं असू शकतं. लेकीला मी हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तिथे ऐनवेळी रडारड.

बुकिंग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केलं, शनिवार १२ जुलै, सकाळचा अर्ध्या दिवसाचा स्लॉट. आम्हा सहांचे मिळून तीनशे तीस डॉलर झाले, लहान मुलांना कमी, आणि आई म्हणाली मी फक्त बसणार तर तिचे घेतलेच नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाला ऑनलाइन वेव्हर, म्हणजे काही इजा झाली तर जबाबदारी आमची असं लिहून देणारा कागद, भरायचा, मुलांचा आईवडिलांनी. बाबांचा वेव्हर भरताना त्यांनी सगळी कलमं मोठ्याने वाचून घेतली, खाणीतला माणूस, सेफ्टीचा कागद न वाचता सही करत नाही. आई-बाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स होताच, पण तो पुन्हा उघडून बघितला. तुमच्याकडेही पाहुणे आजी-आजोबा असतील तर बघून घ्या, एकतर ऊन, वर सात हजार फुटांची उंची.

आता मोटेल. हे सगळ्यात त्रासाचं निघालं. केमरर एवढंसं गाव, मोजकी मोटेलं, आणि सध्या तिथे बिल गेट्सच्या टेरापॉवर कंपनीचा अणुऊर्जा प्रकल्प बांधायचं काम चालू आहे, २०२४च्या जूनमध्ये सुरू झालं, त्यामुळे खोल्या कामगारांनी भरलेल्या. एका ठिकाणी बुकिंग कन्फर्म झालं आणि जूनमध्ये त्यांचा फोन, की सॉरी, एक खोली कमी आहे. मग शोधाशोध करून दुसरीकडे दोन खोल्या, रात्रीचे प्रत्येकी दीडशेच्या आसपास, तीन रात्री. तुम्ही जाणार असाल तर क्वारीच्या आधी मोटेल बुक करा, अगदीच नाही मिळालं तर इव्हन्स्टन साधारण तासाभरावर आहे, तिथे जास्त पर्याय आहेत.

एक फुकटची गोष्ट मात्र छान जमली. अमेरिकेत चौथीतल्या मुलांना एव्हरी किड आउटडोअर्स नावाचा पास मिळतो, त्यावर अख्ख्या गाडीला नॅशनल पार्कमध्ये फुकट प्रवेश. लेक चौथी संपवून बसलेली आणि पास ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. वेबसाइटवर एक छोटी प्रश्नावली भरायची आणि व्हाउचर कागदावर छापायचं, २०२५मध्ये तरी फोनवर दाखवलेलं चालत नव्हतं. घरचा प्रिंटर अर्थातच त्याच दिवशी रुसला, लायब्ररीत जाऊन दहा सेंटमध्ये छापलं. एरवी वार्षिक पास ८० डॉलरला. २०२६पासून मात्र अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी तोच २५० डॉलर झालाय, तेव्हा भारतातून येणारे पाहुणे वेगळ्या गाडीने फिरणार असतील तर आधी हिशेब करा.

सामानात काय घेतलं ते सांगते कारण हे कुणी नीट सांगत नाही. सेफ्टी गॉगल प्रत्येकाला, मुलांच्या मापाचे वेगळे मिळतात, आणि हे अगदी मस्ट, दगडाच्या कपच्या डोळ्यांच्या दिशेनेच उडतात असा माझा पक्का समज झालाय. बागकामाचे हातमोजे. गुडघ्याखाली घ्यायला फोमची गादी. बंद बूट. मोठ्या काठाच्या टोप्या. सनस्क्रीन. जुनी वर्तमानपत्रं आणि दुधाचे प्लॅस्टिकचे क्रेट, ते का ते पुढे. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट. आणि खायला, केमररमध्ये शाकाहारी माणसाला चीज पिझ्झा आणि फ्राइज यापलीकडे फारसं काही नाही, म्हणून आईने भाजणी, मेतकूट, तिखटमीठाच्या पुऱ्या असं सगळं बांधलं आणि राइस कुकर घेतला, मोटेलच्या खोलीत तीन दिवस मेतकूट-भात.

शुक्रवारी ११ जुलैला सकाळी निघालो. फोर्ट कॉलिन्सवरून लॅरमी, मग आय-८० हायवे पकडून रॉलिन्स, रॉक स्प्रिंग्स, आणि पुढे लिटल अमेरिका नावाचा थांबा सोडला की यूएस-३० वर वळून केमरर. चारशेहून जास्त मैल, थांबत थांबत नऊ तास. आय-८० वर वारं इतकं की मिनीव्हॅन हलते, आणि सगळीकडे ट्रकच ट्रक. लिटल अमेरिकाला आइस्क्रीमचे स्वस्त कोन मिळतात, पोरांना तेवढं आमिष पुरलं. बाबा खिडकीतून रस्त्याच्या कापलेल्या कडा बघत होते आणि दर दहा मिनिटांनी, "हा बघ शेल, हा बघ सँडस्टोन", आई म्हणाली अहो झोपा आता थोडं.

शनिवारी पहाटे पाऊस. सात वाजता क्वारीचा मेसेज आला, की वरचा रस्ता चिकणमातीचा आहे, गाड्या रुततात, आजचे सगळे स्लॉट उद्यावर. म्हणूनच म्हणते, खणायचा दिवस ट्रिपच्या सुरुवातीला ठेवा आणि मागे एक मोकळा दिवस ठेवा. आमच्याकडे तो होता म्हणून निभावलं, शेजारच्या खोलीतलं एक कुटुंब आयडाहोहून आलेलं, त्यांना त्याच दिवशी परत निघायचं होतं, बिचारे नुसते गिफ्ट शॉपमधून मासे विकत घेऊन गेले.

मोकळ्या झालेल्या शनिवारी फॉसिल ब्यूट नॅशनल मॉन्युमेंटला गेलो, केमररच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर, प्रवेश फी नाहीच. आणि खरं सांगू का, पाऊस आला ते बरंच झालं, खणायच्या आधी हे बघायलाच हवं. बाहेर सगळी उजाड टेकाडं आणि सेजब्रश, आणि आत भिंतीवर मगरी, ताडाची भलीमोठी पानं, वटवाघळं, स्टिंगरे. ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी इथे गरम दमट हवेतलं तळं होतं. तळाशी चुन्याचा बारीक गाळ पदरावर पदर बसत गेला आणि मेलेले मासे त्यात दबत गेले. साधारण त्याच काळात आपला भारत उत्तरेकडे सरकत येऊन आशियाला धडकत होता, हे मी पोरांना सांगितलं तर धाकट्याचा प्रश्न, "मग आजोबांचं घर तेव्हा कुठे होतं?" एक मासा असा आहे की त्याच्या तोंडात दुसरा मासा अर्धा गिळलेला आहे आणि दोघंही तसेच दगड झालेत. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मुलांनी ज्युनियर रेंजरची पुस्तिका भरून बॅज घेतला, त्यात दीडेक तास सहज जातो. तिथल्या रेंजरने माशांची नावं शिकवली ती दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडली : छोटा चपटा आणि सगळ्यात जास्त सापडणारा तो नाइटिया (हे १९८७पासून वायोमिंगचं राज्य फॉसिल), तोंड वर वळलेला मोठा तो डिप्लोमिस्टस, गोलसर आणि पाठीवर काटे तो प्रिस्काकारा.

संध्याकाळी गावात चक्कर. जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकान-साखळीचं पहिलं दुकान १९०२ साली याच गावात निघालं, हे ऐकून आईला एकदम गावाबद्दल आदर वाटायला लागला.

रविवारी ऊन लख्ख. सकाळी आठला ऑफिसपाशी जमायचं, तिथून एकामागोमाग गाड्या वर. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता, सेडान जाते पण हळू. वर पोचलो तर समोर पांढरट पिवळ्या दगडाची कापलेली कडा, तिच्या पायथ्याशी आधीच काढून ठेवलेल्या लाद्यांचे ढीग, दोन पोर्टा-पॉटी (फिरते संडास) आणि सावली म्हणजे एक ताडपत्री. आईने खुर्ची तिथे टाकली आणि दुपारपर्यंत ते सिंहासन सोडलं नाही. तिथल्या मुलीने दहा मिनिटांत शिकवलं. लादी आडवी ठेवायची नाही, कडेवर उभी धरायची. रुंद पात्याची पातळ छिन्नी पदराच्या रेघेवर टेकवायची आणि हलके हलके ठोकत कडेकडेने पुढे जायचं, एकाच जागी जोरात मारलं तर लादी आडवी तुटते आणि मासाही तुटतो. सुटली की पुस्तकासारखी उघडायची. मासा असला तर तांबूस तपकिरी, पांढऱ्या दगडावर लगेच दिसतो. एका अर्ध्यावर हाडं येतात आणि दुसऱ्यावर त्याचा ठसा, दोन्ही ठेवा, आम्ही दोन्हींवर पेन्सिलने एकच नंबर टाकला.

पहिला तासभर काही नाही. म्हणजे तुकडे खूप, एक शेपटी, थोडे खवले, आणि छोटे छोटे तपकिरी डाग, ते बघून लेक ओरडली मासा! तर ती मुलगी हसून म्हणाली, ती माशाची शी आहे, तिला कॉप्रोलाइट म्हणतात. धाकट्याचा त्या दिवसाचा खजिना ठरला. नंतर त्याने मासे बघितलेच नाहीत, फक्त शी गोळा केली, डबा भरून. बाबांनी त्याला सांगितलं की आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची अशीच दगड झालेली शी सापडते, तर तो आता नागपूरला जायला उतावीळ आहे. (तिथे जाऊन उचलायची नाही हे त्याच्या गळी उतरवणं चालू आहे. सिरोंच्याजवळ वडधमला फॉसिल पार्क आहे, तिथे नेऊन दाखवू म्हणतोय.)

बाबा तोवर नुसते बघत होते. मग नवऱ्याच्या हातून तिसरी लादी आडवी तुटल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी लादी उचलून उभी केली, हातोडीच्या दांड्याने वरून खालपर्यंत टकटक केलं आणि कान लावला. "इथे ठणठणीत वाजते, इथे बदबद. बदबद आहे तिथे पदर सुटलेला आहे, तिथून घुसव." छिन्नी लावली, चार टोले, अगदी वरण ढवळल्यासारखे निवांत, आणि लादी उघडली. आत नाइटिया, बोटभर, डोळ्याची खाच, कण्याचा एकेक मणका, शेपटीचे काटे, सगळं. ते म्हणाले, खाणीत कोळशाच्या वरच्या शेलमध्ये त्यांना अशीच पानं मिळायची, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाची, लांबट जिभेसारखी, मधोमध शीर, आणि शिफ्ट संपली की कुणीतरी एखादं घरी न्यायचं. मला आठवतंय, आमच्या टीव्हीवर एक काळा दगड होता, मी त्याच्यावर डोइली अंथरलेली बघितलीय, त्याच्यात पान होतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर लेक बाबांच्या बाजूला सरकली ती तिथेच. धाकटा धाडधाड मारायला लागला की, "काहून एवढ्या जोरात मारून राहिला बे? दगडाले काय घाई आहे? आवाज ऐक ना बाप्पा." हे ऐकून बाजूच्या ढिगावरचं टेक्सासचं जोडपं पण येऊन कान लावून बघू लागलं, भाषेची काही अडचण आली नाही. अकराच्या सुमाराला लेकीच्या लादीत फूटभर लांब डिप्लोमिस्टस निघाला, पण डोकं कडेला कापलं गेलेलं. ती दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली डोकं ढिगात असेल, आणि अर्धा तास ढीग उपसला. नाही मिळालं. तिचा तो बिनडोक्याचाच आमच्याकडचा सगळ्यात मोठा मासा.

साडेतीन तास खूप झाले, खरंच. पूर्ण दिवसाचा स्लॉट स्वस्त पडतो म्हणून मोह होतो पण मुलं बरोबर असतील तर अर्धाच घ्या, बारानंतर ऊन पांढऱ्या दगडावरून परत तोंडावर येतं, सगळ्यांचे कान भाजले होते. निघताना तिथलाच माणूस इलेक्ट्रिक करवतीने लाद्या कापून चौकोनी करून देतो, टिप द्यायची असते. कापताना माशाच्या चहूबाजूंनी दोनेक इंच सोडायला सांगा. ते झाल्यावर एकदा त्यांच्या माणसाने सगळं बघितलं, आमच्याकडे दुर्मिळ काही नाही असं सांगितलं (लेकीचा चेहरा पडला, तिला एखादी मगर तरी राज्याला द्यायची होती) आणि पावती दिली, त्यावर क्वारीचं नाव आणि तारीख. ती पावती जपून ठेवा, पुढे कुणी विचारलं तर तेवढाच पुरावा. लाद्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुधाच्या क्रेटमध्ये उभ्या ठेवायच्या, एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात.

सोमवारी केमरर सोडलं. माउंटन व्ह्यूवरून मनीला, मग फ्लेमिंग गॉर्जच्या बाजूने यूएस-१९१ ने व्हर्नलला उतरलो. हा रस्ता या सगळ्या ट्रिपमधला नवऱ्याचा आवडता, घाटात वळणावळणावर पाट्या आहेत की आता तुम्ही अमुक थरातून जाताय, त्या काळात इथे अमुक प्राणी होते. बाबांनी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली, ब्रेक मारायला लावून.

मंगळवारी डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट. नीट ऐका, या मॉन्युमेंटला दोन बाजू आहेत आणि डायनासोरची हाडं फक्त युटाच्या बाजूला आहेत, जेन्सनजवळ. कोलोरॅडोच्या बाजूला दऱ्याखोरी सुंदर आहेत पण हाडं नाहीत, आणि डायनासोर नावाचं गाव मात्र कोलोरॅडोत आहे, त्यामुळे नकाशात नाव बघून जाल तर मुलं तोंड फुगवून बसतील. प्रवेश एरवी गाडीला २५ डॉलर, आम्ही लेकीचं छापील व्हाउचर दाखवलं, रेंजरबाईंनी तिला हातात कार्ड दिलं, ती त्या दिवशी आम्हाला "माझ्यामुळे आलात" म्हणून ऐकवत होती. उन्हाळ्यात व्हिजिटर सेंटरपासून वर शटल जाते.

वर एक अख्खी भिंत आहे, त्यात साधारण दीड हजार हाडं जशी सापडली तशीच ठेवलीत, १५ कोटी वर्षांपूर्वीची. अर्ल डग्लस नावाच्या माणसाला १९०९ साली इथे शेपटीचे मणके दिसले आणि १९१५ साली हे मॉन्युमेंट झालं. काही हाडांना हात लावायची परवानगी आहे. धाकट्याने हात लावला आणि लगेच वास घेतला. जुनी इमारत २००६ साली बंद करावी लागली होती कारण खालची माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, भिंती सरकल्या, २०११ साली पुन्हा उघडली. बाबा म्हणाले, "अगं हे तर आपल्या काळ्या मातीचंच दुखणं." आणि मग रेंजरला विदर्भातल्या घरांच्या भेगांबद्दल सांगत बसले, मी दुभाषी. रेंजरला खरंच रस होता की तो सभ्य होता, माहीत नाही.

त्या रात्रीही व्हर्नलमध्येच राहिलो, दोन खोल्यांचे दोन रात्रींचे मिळून २८०. बुधवारी यूएस-४० ने क्रेग, स्टीमबोट स्प्रिंग्सवरून घरी. डायनासोर गावात ब्रॉन्टोसॉरस बुलेव्हार्ड अशी रस्त्यांची नावं आहेत, पाटीखाली फोटो काढायला पाच मिनिटं थांबा.

एकूण खर्च एकोणीसशे डॉलरच्या आसपास गेला. त्यातले जवळजवळ बाराशे मोटेलांचे, दोन खोल्या लागल्यामुळे. चार जणांचं कुटुंब असाल तर एका खोलीत भागेल आणि तेराशेच्या आत व्हायला हरकत नाही. गॅस, म्हणजे पेट्रोल, दीडशेच्या आत, बाकी क्वारी, गॉगल-हातमोजे आणि खाणं.

घरी आल्यावर दगड उन्हात ठेवू नका. आत ओल असते, भराभर सुकले तर पदर सुटतात. आम्ही गराजमध्ये सावलीत दोन आठवडे उभे ठेवले. मऊ ब्रशने धूळ काढायची, धुवायचे नाहीत, आणि घरातलं वॉर्निश लावून चमकवायचे तर अजिबात नाहीत. कपची सुटत असेल तिथे म्युझियमवाले वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ नावाचा पदार्थ अॅसिटोनमध्ये पातळ करून लावतात, ऑनलाइन मिळतो, खिडकी उघडी ठेवून मोठ्या माणसाने लावा.

बाबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. त्यांचा तो पहिला नाइटिया त्यांनी चेक-इन बॅगेत दोन स्वेटरांच्या मध्ये बसवला, पावतीची एक झेरॉक्स बॅगेत आणि ओरिजिनल खिशात. नागपूरला कुणी काही विचारलं नाही, याचंच त्यांना जरा वाईट वाटलं, सगळं उत्तर तयार करून ठेवलं होतं. धाकट्याने शीचा एक तुकडा पण त्यांच्याबरोबर पाठवलाय, शेजारच्या काकांना दाखवायला. क्वारीवाले म्हणाले होते की पुढच्या सीझनच्या तारखा मार्चमध्ये टाकतात. लेकीने फ्रिजवर लिहून ठेवलंय.